आपल्याच घरची दैवतं

सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर आणि महाडला वळसे घालत खाली उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात या नदीचं मुख फार लवकर येतं. 1823 साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचं पश्चिम भारतातलं पहिलं ठाणं बाणकोटला पडलं. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले, पण काम थांबलं नाही. जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन स्टीव्हन्सन, रॉबर्ट नेस्बिट अशी माणसं येत गेली आणि बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात शाळा निघाल्या. पुढे मुंबईत मोठं नाव झालेले जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट 1829 मध्ये मराठीचे धडे घ्यायला हर्णैलाच राहिले होते. काही वर्षांत या मंडळींचा मुक्काम पुण्या-मुंबईकडे हलला. सावित्रीच्या वरच्या अंगाला, महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात, ख्रिस्ती वस्ती विरळच राहिली.

या मिशनऱ्यांच्या उपदेशात मूर्तिपूजेचा निषेध अग्रभागी होता. 1831 साली मुंबईत मोरभट दांडेकर आणि विल्सन यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून आपली बाजू मांडली, विल्सननी पुस्तकानेच उत्तर दिलं. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीत जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी 1857 च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्यामागून आठवडे वाद घालत होते. त्याच वर्षी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी छापली गेली. या खटाटोपातून मराठी गद्याला धार आली, छापखाने चालते झाले, सामान्य माणसाला धर्माविषयी प्रश्न विचारायची सवय लागली. हे ऋण मोठं आहे आणि ते मान्य करायला कुणाला अडचण वाटू नये.

पण त्या वादांनी ख्रिस्ती घरांना एक वाईट सवयही लावली. मूर्ती म्हटली की बोट शेजारच्या देव्हाऱ्याकडे जायचं. बाप्तिस्मा झाला, घरातले टाक विसर्जित केले, भिंतीवर क्रूस किंवा वचनाची पाटी लागली की दुसरे देव न मानण्याची पहिली आज्ञा पाळून झाली, असा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला. वास्तविक ही आज्ञा ज्या लोकांना दिली गेली ते देवाचेच म्हणवणारे लोक होते. बायबलमधले संदेष्टे मूर्तींबद्दल सर्वांत जास्त बोलले ते स्वतःच्या लोकांशी, स्वतःच्या राजांशी आणि याजकांशी. प्रस्तुत पुस्तक बोटाची दिशा बदलतं. शेजाऱ्याच्या श्रद्धेवर त्यात एकही टीका नाही. ज्याच्या घरी बायबल आहे, जो रविवारी उपासनेला किंवा मिस्साला जातो, त्याच्या मनात, तिजोरीत, सोयरिकीत आणि मंडळीच्या कारभारात कोणकोणती दैवतं बसली आहेत, एवढाच त्याचा विषय.

विषय नव्याने हाती घेणाऱ्या वाचकासाठी बायबलमधली तीन ठिकाणं आधी पाहिलेली बरी.

पहिलं, निर्गमातलं सोन्याचं वासरू. मोशे डोंगरावर गेला तो लवकर परतेना. लोक घाबरले. अहरोनाने त्यांच्याच कानातली कुंडलं मागून घेतली आणि वासरू ओतलं. वाचणाऱ्याच्या नजरेतून बहुधा निसटतं ते पुढचं. वासरासमोर वेदी बांधून अहरोनाने जो सण जाहीर केला तो परमेश्वराच्या नावाने. लोकांनी देव सोडला असं त्यांना स्वतःला वाटतच नव्हतं. वाट पाहवत नव्हती, म्हणून त्यांनी देवाला हाताशी येईल असं रूप दिलं.

दुसरं, यहेज्केलचा चौदावा अध्याय. इस्राएलाचे वडीलजन संदेष्ट्यासमोर येऊन बसतात. ही प्रतिष्ठित माणसं आहेत, बाबेलच्या बंदिवासात आहेत, देवाचं म्हणणं ऐकायला आपणहून आली आहेत. त्यांच्याबद्दल संदेष्ट्याला कळवलं जातं की यांनी मूर्ती अंतःकरणात बसवल्या आहेत. डोळ्यांना काहीही दिसत नसताना केलेलं हे निदान पुढच्या सगळ्या विचाराचं मूळ आहे.

तिसरं ठिकाण कमी वाचलं जातं. अरण्यात साप चावून लोक मरू लागले तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळेचा सर्प केला आणि तो खांबावर टांगला. त्याच्याकडे पाहणारे वाचले. शेकडो वर्षांनी हिज्कीया राजाच्या काळात लोक त्याच सर्पापुढे धूप जाळत होते. नहुश्तान हे त्याचं नाव. राजाने तो फोडून टाकला. वस्तू खुद्द देवाने दिलेली, तिने खरोखर जीव वाचवलेले, आणि तीच फोडावी लागली. मनातल्या मूर्ती बहुतेक वेळा वाईट वस्तूंपासून घडत नाहीत. नोकरी, मुलगा, आरोग्य, मंडळीची इमारत, पाळकाचा वाक्‌चातुर्याचा वर, एखादी जुनी साक्ष, या सगळ्या देणग्याच. नवा करार लिहिला जाईतो हा विचार इतका पक्का झाला होता की कलस्सैकरांच्या पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटलं आहे.

इथे रायगड जिल्ह्याच्या वाचकाला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मूर्तींविरुद्धची ही आज्ञा या मातीत मिशनऱ्यांबरोबर आली नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी आठवण सांगणारे बेने इस्राएल लोक तेलाच्या घाण्यांवर राबत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. रोहेकर, पेणकर, केहीमकर ही त्यांचीच आडनावं. मूर्तीविना उपासना आणि आठवड्यातला एक दिवस कमाईवर पाणी सोडणं, ही दोन्ही व्रतं त्यांनी एकत्र सांभाळली. त्या दोन्हींचा जवळचा संबंध आहे, तो पुढे येईल.

चर्चच्या इतिहासात या विचाराचे प्रवाह अनेक झाले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या साधूंनी मनात शिरणाऱ्या विचारांची बारीक नोंद ठेवायला सुरुवात केली. इव्हाग्रिअसने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकार सांगितले, पुढे पोप ग्रेगरी यांच्या हाती त्यांची सात पापं झाली. मराठी वाचकाला यावर षड्रिपू आठवतील आणि ते योग्यच आहे. ज्या महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला अशी परंपरा आहे, तिथल्या माणसाला मनाची झडती परकी वाटायचं कारण नाही. ऑगस्टीनने हाच प्रश्न प्रेमाच्या बाजूने मांडला. माणूस प्रेम केल्यावाचून राहूच शकत नाही, बिघाड होतो तो प्रेमाच्या क्रमात, ही त्याची मांडणी आजही सर्वांत उपयोगी पडते.

आठव्या शतकात पूर्वेकडच्या चर्चमध्ये चित्रं आणि प्रतिमा फोडण्याची लाट आली. 787 च्या नायसियाच्या परिषदेने प्रतिमांना दिला जाणारा मान आणि फक्त देवाचीच करायची आराधना यांत फरक केला. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी तो वाद पुन्हा उकरला आणि वसईचा कॅथलिक व अहिल्यानगरचा प्रॉटेस्टंट यांच्यात तो अधूनमधून अजूनही डोकं वर काढतो. या पुस्तकाने त्यात बाजू घेतलेली नाही. कारण त्याच शतकात दोन्हीकडच्या श्रेष्ठ माणसांची नजर आत वळली होती. लूथरने 1529 च्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत पहिल्या आज्ञेचा अर्थ लावताना माणसाचं मन ज्याला धरून असतं तोच त्याचा देव, असा निर्वाळा दिला. कॅल्विनला माणसाचं मन हा मूर्तींचा अखंड चालू असलेला कारखाना वाटला. कॅथलिक बाजूला इग्नेशियस लोयोला यांनी 1548 मध्ये छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’त श्रीमंती-गरिबी, मान-अपमान, दीर्घायुष्य-अल्पायुष्य यांपैकी कशालाही न चिकटण्याची तयारी मागितली आणि रोज दिवसाचा आढावा घेण्याची रीत घालून दिली. इग्नेशियस यांच्याच येशूसंघाचे थॉमस स्टीफन्स गोव्यात राहून मराठीत लिहिते झाले. 1616 साली रायतूरला छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे दहा आज्ञांची आणि वासराची कथा ओवीत आली.

विसाव्या शतकात आणखी एक प्रवाह ठळक झाला, सामूहिक मूर्तींचा. जर्मनीत राष्ट्र आणि नेता यांनी देवाची जागा मागितली तेव्हा 1934 मध्ये बार्मेनला जमलेल्या चर्चच्या प्रतिनिधींनी नकार दिला. 1970 नंतर लॅटिन अमेरिकेतल्या ईशशास्त्रज्ञांनी बाजार आणि सत्ता यांच्यापुढे पडणारे बळी मोजायला सुरुवात केली. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये पैशाच्या पूजेला सोन्याच्या वासराचं नवं रूप म्हटलं. दुसरीकडे अमेरिकेत डेव्हिड पॉलिसन यांनी 1995 मधल्या एका लेखातून आणि टिमोथी केलर यांनी 2009 च्या ‘काउंटरफीट गॉड्स’मधून हा विषय समुपदेशनाच्या खोलीत आणि शहरी नोकरदाराच्या घरात नेला. मराठीत या विषयावर आज जे बोललं जातं ते बरंचसं या शेवटच्या धारेतून आलेलं असतं. ती धार उपयोगी आहे, पण अपुरी. ती माणसाला एकट्याला समोर बसवते. महाडचा माणूस एकटा नसतो. त्याला भावकी आहे, जात आहे, वाडी आहे, आणि मूर्ती या सगळ्यांच्या मिळून असतात.

म्हणूनच मराठी ख्रिस्ती माणसांनी या बाबतीत काय केलं, ते अधिक मोलाचं ठरतं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर शारदा सदन निघालं, जगभर नाव झालं. 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत मात्र त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. धर्म हीच मूर्ती होऊ शकते, हे इतक्या उघडपणे म्हणायला फार मोठं मन लागतं. रमाबाई इंग्लंडमधल्या आपल्या मार्गदर्शक भगिनींशीही पत्रांतून भांडल्या, कारण कुणाच्या अधिकारापुढे विवेक गहाण टाकणं त्यांना मान्य नव्हतं. पुढे केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच. रमाबाई बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिल्या, ते संपवलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला.

नारायण वामन टिळकांचं उदाहरण वेगळ्या मूर्तीचं आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ते अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत होते. पगार नियमित, मान मोठा, ‘ज्ञानोदय’मध्ये लेखणी चालती. 1917 साली त्यांनी पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात चालणार होते. मिशनचा पगार त्या काळच्या ख्रिस्ती कुटुंबाला केवढा मोठा आधार होता, हे ध्यानात घेतलं तर या निर्णयाचं वजन कळतं. पगार वाईट नव्हता. पण आपली श्रद्धा आणि परकी तिजोरी यांची गाठ पडली आहे, असं टिळकांना वाटू लागलं होतं. त्यानंतर ते जेमतेम दोन वर्षं जगले.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं सोवळं आठवत असेल. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या पुन्हा त्याच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. ते सुटलं ते वादात हरून नव्हे. रोजची माणसं पाहता पाहता, हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसाने केले आहेत, हे त्यांना एकाएकी लख्ख दिसलं, आणि मग त्या अडल्या नाहीत. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मूर्ती कशी सुटते याचं मराठीतलं इतकं जवळून केलेलं वर्णन दुसरं नाही. आधी हंडा वेगळा असतो, मग कुणाच्या तरी हातचं पाणी प्यायलं जातं, त्यानंतर सिद्धांत येतो.

पाण्याचा विषय निघाला की महाडला थांबावंच लागतं. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वीच केला होता, तो कागदावरच होता. त्याच वर्षीच्या डिसेंबर परिषदेला गावात जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दिवाणी दावा चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. 25 डिसेंबर हा नाताळचा दिवस. जगभरच्या चर्चमध्ये त्या दिवशी गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गाणी चालली होती. जिच्यापुढे माणसांचे बळी पडत होते अशा एका मूर्तीला त्या दिवशी उघड आव्हान दिलं गेलं ते महाडला, आणि ते देणारे ख्रिस्ती नव्हते. हे सत्य या भागातल्या मंडळीने मान खाली घालून शिकण्यासारखं आहे.

कारण जात चर्चच्या दाराशी चपलांबरोबर बाहेर राहिली नाही. 1 जानेवारी 1938 ला सोलापूरच्या ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदर व्यक्त केला, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते हेही तोंडावर सांगितलं. गोव्यात बामण, चारडो, सुदीर हे भेद धर्मांतरानंतरही शतकानुशतकं टिकले. महाराष्ट्रात मंडळीच्या प्रीतिभोजनाला सगळे एका पंगतीला बसतात, पण सोयरिकीच्या बोलण्यात ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आजही हलक्या आवाजात येतो. 1981 साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी केलेल्या भाषणाने दलित ईशशास्त्राला सुरुवात करून दिली. निर्मल महाराष्ट्राचे. त्यांचा आग्रह असा की देवाविषयीचा विचार तुडवल्या गेलेल्या माणसाच्या वेदनेपासून सुरू व्हावा. या पुस्तकातला जातीवरचा भाग त्यांचं देणं मानतो.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. एखादं गरीब कुटुंब मुलीच्या शिक्षणासाठी दाखल्यावर जुनी जात ठेवून आहे, तर त्याला मूर्तिपूजक ठरवायला धावणारा माणूस प्रश्न चुकीच्या जागी विचारतो आहे. जात त्या कुटुंबाने निर्माण केलेली नाही. ज्याच्या घरी जातीने बळ दिलं, स्थळं दिली, समितीवर खुर्ची दिली, त्याने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.

आजचं महाड 1927 चं राहिलेलं नाही. औद्योगिक वसाहतीतले रासायनिक कारखाने, मुंबई-गोवा महामार्ग, जमिनीचे वाढलेले भाव, कंत्राटी कामगार, परप्रांतांतून आलेली कुटुंबं. पोलादपूरच्या वाड्यांतून मुंबईला जाणारी माणसं पूर्वीपासून आहेतच. ख्रिस्ती घरं इथे मोजकी. मोजक्या लोकांच्या मूर्तीही वेगळ्या असतात. आपण थोडे आहोत म्हणून निदान अब्रू तरी मोठी राहावी, ही एक. आपल्याला सांभाळणारा पाळक चुकूच शकत नाही, ही दुसरी. बरकतीच्या हमीवर मिळणारा, फोनवर चोवीस तास ऐकू येणारा आशीर्वादाचा उपदेश, ही तिसरी, आणि अलीकडे फार वेगाने पसरलेली. दान टाका, कर्ज फिटेल, असं सांगणाऱ्या उपदेशात देव राहतो तो मध्यस्थ म्हणून, उपासना चालते ती पैशाची. कर्जाने पिचलेल्या माणसाला हा उपदेश गोड वाटला तर त्यात नवल नाही, आणि म्हणूनच तो करणाऱ्याचा दोष मोठा आहे.

जमिनीचं उदाहरण वसईने दिलं आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली होऊ लागली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते संपादक होते, 2020 मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 2024 मध्ये वारले. त्यांचा सामना बाहेरच्या बिल्डरशी जितका होता तितकाच, वाढत्या भावाला भुलून वाडी विकायला निघालेल्या आपल्याच माणसांशीही होता. महामार्ग रुंद होत असताना महाड-पोलादपूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

जवळचं एक दैवत पाहायचं तर दहावीचं वर्ष पाहावं. जूनमध्ये क्लास लागतो. रविवारी सकाळची बॅच असते, म्हणून संडे स्कूल सुटतं. घरातला टीव्ही कपड्याने झाकला जातो. आजीने भेटायला येऊ नये असं सुचवलं जातं. संध्याकाळची कुटुंबप्रार्थना लहान होत होत टक्केवारीच्या मागणीवर येऊन थांबते. आई रात्री मुलाच्या खुर्चीमागे उभी राहते, प्रेमानेच. शिक्षण वाईट नाही. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर नव्हतं तिथे तर ते देवाची देणगीच आहे. पण निकालाच्या दिवशी मूल घरी यायला घाबरत असेल, तर त्या घरात कशाची आराधना चालली आहे हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे.

ओळखण्याच्या खुणा पुष्कळांनी सांगितल्या आहेत. कशाच्या नुसत्या धमकीने झोप उडते, कशासाठी खोटं बोललं जातं, कशावर बोट ठेवलं की प्रमाणाबाहेर राग येतो. या पुस्तकाने त्यात एक खूण वर ठेवली आहे आणि तेच त्याचं वैशिष्ट्य म्हणता येईल. प्रत्येक मूर्ती बळी मागते, तेव्हा बळी कोण जातंय ते पाहावं. बहुतेक वेळा पूजा करणारा एक असतो आणि किंमत मोजणारा दुसरा. कंत्राटदार समितीवर असतो, बळी जातो विनामास्क टाकीत उतरणारा मजूर. अब्रू बापाची असते, बळी जाते ती नवऱ्याचा मार मुकाट सोसणारी मुलगी, जिला माहेरी परत येऊ दिलं जात नाही. ही खूण वापरली की विषय हळवा राहत नाही.

तितकंच महत्त्वाचं, काय मूर्ती नव्हे ते. 22 जुलै 2021 ला महाड पाण्याखाली गेलं, तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसं गाडली गेली. गेलेल्या माणसांसाठी, वाहून गेलेल्या संसारासाठी रडणं म्हणजे संसाराला चिकटून राहणं नव्हे. येशू लाजराच्या थडग्याशी रडला. नैराश्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘तुझी मूर्ती कोणती?’ असं विचारणं क्रूरपणा आहे. त्याला डॉक्टर हवा, सोबत हवी. हा विषय दुसऱ्याला झोडपायची काठी झाल्याची उदाहरणं ख्रिस्ती मंडळ्यांत कमी नाहीत, आणि पुस्तकाने याबाबत जागोजागी सावध केलं आहे ते बरंच झालं.

मूर्तींच्या प्रतिकाराच्या बाबतीत पुन्हा बाणकोटकडे जाता येतं. 1827 मध्ये कोकणात आलेले रॉबर्ट नेस्बिट हे सेंट अँड्र्यूजला थॉमस चामर्स यांचे विद्यार्थी होते. चामर्स यांचं एक प्रवचन इंग्रजी ख्रिस्ती जगात फार गाजलं. मनाला धरून बसलेली ओढ नुसत्या धिक्काराने हलत नाही, तिच्याहून मोठं प्रेम आत आलं तरच ती जागा सोडते, असा त्याचा आशय. वादांच्या धामधुमीत हे शहाणपण मागे पडलं. लक्ष्मीबाईंचं सोवळं मात्र नेमकं याच वाटेने सुटलं. म्हणून या पुस्तकात सोडायच्या गोष्टींइतकंच धरायच्या गोष्टींविषयी लिहिलं आहे: एकत्र जेवण, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचं शांत वाचन, रात्रीचा दिवसाचा आढावा, गुपचूप केलेलं दान, आणि रविवार. रविवारी फोन आणि कमाई खरोखर बाजूला ठेवून पाहिली की शनवार तेल्यांच्या बंद घाण्याचा अर्थ उमगतो. आठवड्यातला एक दिवस पैशाला नकार ऐकावा लागतो.

शेजारधर्माचा प्रश्न पुस्तक टाळत नाही. गणपतीत वाडीतल्या घरी बोलावणं आलं, प्रसाद हातावर पडला, सार्वजनिक वर्गणीची पावती दारात आली, तर काय करावं? करिंथच्या मंडळीला पौलाने लिहिलं तेव्हा याच प्रकारचे प्रश्न होते, आणि त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलं नाही. दुर्बळ भावाचा विवेक आणि शेजाऱ्यावरचं प्रेम, दोन्ही तोलायला सांगितलं. पुस्तकात वेगवेगळ्या घरांनी काढलेले वेगवेगळे मार्ग शेजारी शेजारी ठेवले आहेत. काही वाचकांना ते ढिलं वाटेल, काहींना कडक. हे मतभेद मंडळीत बोलले गेले तर बरं.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही वाचता यावं म्हणून भाषा मुद्दाम घरगुती ठेवली आहे. प्रकरणं क्रमाने वाचायलाच हवीत असं नाही. पैशाने ज्याची झोप उडवली आहे त्याने तिथून सुरुवात करावी, ज्या मंडळीत निवडणुकीवरून दोन तट पडले आहेत तिने सत्तेच्या भागापासून. एकट्याने वाचण्यापेक्षा तीन-चार घरांनी मिळून, उपवासकाळात आठवड्याला एक बैठक, अशी रीत अधिक उपयोगी पडेल. बैठकीत पाळकाने शेवटी बोलावं. मुलांना खोलीबाहेर पाठवू नये. आपल्या घरात कशासाठी बाकी सगळं थांबतं, हे त्यांना विचारावं आणि त्यांचं उत्तर मध्ये न तोडता ऐकावं. मग पुस्तकातलं पहिलं प्रश्नपत्रक उघडावं.